जुन्या युरोपीय अवजड लॉऱ्या ओळखण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्रमवार पद्धत

जुन्या युरोपीय अवजड लॉऱ्यांची छायाचित्रे ओळखताना बहुतेक जण समोरच्या जाळीवरचे नाव आधी वाचतात आणि तिथेच थांबतात. नाव वाचता आले नाही तर केबिनच्या आकारावरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज ठाम विधान म्हणून लिहून ठेवतात. या दोन सवयींमुळे अल्बियन या ब्रिटिश कंपनीची गाडी एईसी या दुसऱ्याच ब्रिटिश कंपनीची म्हणून नोंदली जाते, डच डाफची गाडी फ्रेंच साव्हिएम होते आणि सहा सिलिंडरची स्कॅनिया व्ही-आठ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांची) म्हणून मिरवते. केबिन, नाव, आकडा आणि साल हे चार वेगवेगळे पुरावे आहेत. ते ठरावीक क्रमानेच तपासायला हवेत, कारण पुढचा पुरावा मागच्याला दुरुस्त करतो. खालील पद्धत साधारण १९६० ते १९९० या काळातल्या, सोळा टन आणि त्याहून मोठ्या गाड्यांसाठी आहे.

## तयारी

सुरुवातीलाच सगळा युरोप अंगावर घेऊ नये. स्वीडनच्या दोन कंपन्या, म्हणजे स्कॅनिया आणि व्होल्व्हो, आधी पक्क्या कराव्यात. त्यांची नावे देण्याची रीत नियमबद्ध आहे आणि त्यांच्या गाड्या जुन्या छायाचित्रांत सतत भेटतात. त्यानंतर जर्मन कंपन्या, मग डाफ, फियाट-इव्हेको आणि फ्रेंच कंपन्या घ्याव्यात. ब्रिटिश गाड्या शेवटी घ्याव्यात, कारण तिथे कंपन्या पुष्कळ, विलीनीकरणे त्याहून अधिक आणि नियम सर्वांत कमी.

एक वही, हाताच्या तळव्याएवढी कोरी कार्डे आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. वहीच्या प्रत्येक पानावर पाच रकाने आखावेत: बांधणी, केबिन, चिन्ह, आकडा, साल. प्रत्येक रकान्यापुढे «खात्री», «शक्यता» किंवा «दिसत नाही» यांपैकी एक शब्द लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ही सवय नसेल तर महिन्याभरानंतर स्वतःच्याच नोंदीतले काय पाहिलेले आणि काय तर्काने भरलेले हे सांगता येत नाही.

स्वतः छायाचित्रे काढण्याची संधी मिळाली, उदाहरणार्थ लँकेशायरमधल्या लेलँड गावचे व्यापारी वाहनांचे संग्रहालय, आइंटहोव्हनचे डाफ संग्रहालय किंवा गोथेनबर्गचे वर्ल्ड ऑफ व्होल्व्हो पाहायला गेलात, तर प्रत्येक गाडीची चार छायाचित्रे काढावीत: समोरून, तिरप्या कोनातून, पूर्ण बाजूने, आणि चौथे दाराजवळच्या किंवा चासीवरच्या, निर्मात्याचा क्रमांक असलेल्या पट्टीचे. देखणी छायाचित्रे सगळेच काढतात. पट्टीचे मात्र राहून जाते आणि नेमके तेच नंतर लागते.

आधी तपासा: जुन्या पारदर्शिका (स्लाइड) स्कॅन करताना उलट्या बसवल्या गेल्या असतील, तर चित्र आरशातल्यासारखे दिसते. क्रमांकपट्टी किंवा ताडपत्रीवरची अक्षरे सुलटी आहेत ना, हे सर्वांत आधी पाहावे. उलट्या चित्रात स्टेअरिंगची बाजू बदलते आणि पुढची सगळी साखळी चुकते.

## टप्पा १: बांधणी आणि चाके

केबिनकडे पाहण्याआधी गाडीची बांधणी लिहावी. इंजिन नाकात (केबिनपुढच्या बॉनेटमध्ये) आहे की केबिनखाली? गाडी एकसंध आहे, की मागे ट्रेलर जोडायचा घोडा आहे? एकूण धुरे (अॅक्सल) किती, त्यांतले वळणारे किती आणि इंजिनाची ताकद मिळणारे किती?

चाके मोजताना आपल्याकडच्या वाचकांची हमखास गफलत होते. आपण टायर मोजतो आणि दहा टायरी, बारा टायरी, चौदा टायरी म्हणतो. युरोपीय पद्धतीत जोडटायर एकच चाक धरले जाते. त्यामुळे ६×४ म्हणजे सहा चाकांच्या जागा आणि त्यांपैकी चारांना इंजिनाची ताकद. ६×२ मध्ये ती फक्त दोनांना मिळते. आपली दहा टायरी गाडी यांपैकी कोणतीही असू शकते. मागच्या दोन्ही धुऱ्यांच्या मध्यभागी फुगीर डिफरन्शियल दिसत असेल तर ६×४, एकाच धुऱ्यावर दिसत असेल तर ६×२. बाजूच्या छायाचित्रात हे बहुधा दिसत नाही. अशा वेळी रकान्यात «दिसत नाही» असेच लिहावे.

पुढे दोन वळणारे आणि मागे दोन धुरे असलेली आठचाकी एकसंध लॉरी ही ब्रिटनची खास ओळख आहे, पण तेवढ्यावरून ब्रिटिश कंपनीचे नाव लिहू नये. रिकाम्या गाडीची मागची चाके खाली आत आणि वर बाहेर अशी स्पष्ट कललेली दिसली, तर मात्र झेक टात्राचा विचार करावा. तिची चासी म्हणजे मधोमध जाणारी एक जाड नळी असते आणि धुऱ्याचा प्रत्येक अर्धा भाग स्वतंत्र हलतो, म्हणून ओझे उतरले की चाके तशी कलतात. जाळी, नाव, आकडा काहीही न दिसता केवळ चाकांच्या कलावरून ओळख पटावी, असे उदाहरण या काळात क्वचितच सापडते.

## टप्पा २: केबिनचे घराणे

या टप्प्यावर कंपनीचे नाव लिहायचे नाही, फक्त केबिनचे घराणे लिहायचे. सर्वाधिक चुका इथेच होतात. केबिनचे साचे अतिशय महाग असल्याने अनेक कंपन्यांनी ते वाटून घेतले होते, आणि म्हणून केबिन ओळखली म्हणजे कंपनी ओळखली असे होत नाही.

१९६४ साली आलेली एर्गोमॅटिक केबिन लेलँड, एईसी आणि अल्बियन या तिन्ही नावांनी धावली. दार, काच आणि छप्पर पाहून या तिघींत फरक करता येत नाही. तो जाळीवरच्या चिन्हावरून आणि मॉडेलच्या नावावरूनच करावा लागतो. पुढे हीच केबिन उंचावून लेलँड मॅरेथॉनवर बसवली गेली.

डाफ, मागिरुस-डॉइट्झ, साव्हिएम आणि व्होल्व्हो या चार कंपन्यांनी १९७० च्या दशकात मध्यम वजनाच्या गाड्यांसाठी एक केबिन मिळून विकसित केली. व्होल्व्होची एफ ४ आणि एफ ६, मागिरुसच्या मध्यम गाड्या आणि पुढे रेनोच्या नावाने विकली गेलेली मिडलायनर या सगळ्यांच्या अंगावर तीच केबिन आहे. इथे एक सापळा आहे: व्होल्व्हो एफ ७ ही आकड्याने एफ ६ ची थोरली बहीण वाटते, पण तिची केबिन या घराण्यातली नाही.

मोठ्या गाड्यांत डाफ ९५ ची केबिन स्पेनच्या पेगासो ट्रोनरवर आणि ब्रिटनच्या सेडन अॅटकिन्सन स्ट्राटोवरही आहे. जर्मनीची मॅन आणि साव्हिएम यांच्यातल्या सहकार्यामुळे दोघांच्या गाड्यांचे चेहरे एकमेकांना भेटतात, आणि मॅनच्या परवान्यावर रुमानियात बनलेल्या रोमान गाड्या दुरून थेट मॅनच वाटतात. हे आपल्यालाही परके नाही. १९८१ साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कार्गोची केबिन पुढे अशोक लेलँडच्या कार्गो गाड्यांवर भारतात आली, आणि ज्यांनी ती महामार्गावर पाहिली आहे त्यांना जुन्या ब्रिटिश छायाचित्रातली फोर्ड चटकन ओळखीची वाटते.

तपासणी: केबिनचे घराणे लिहिल्यावर त्याखाली «या घराण्यात आणखी कोण?» असा प्रश्न लिहावा आणि किमान एक नाव शोधावे. दुसरे नाव सापडलेच नाही, उदाहरणार्थ स्कॅनियाच्या बाबतीत, तरच केबिनवरून कंपनी निश्चित धरावी.

## टप्पा ३: चिन्ह आणि नाव

आता जाळी वाचायची. व्होल्व्होच्या जाळीवर तिरपी पट्टी आणि बाण असलेले वर्तुळ असते. मर्सिडीजचा तारा सर्वांच्या ओळखीचा आहे. मागिरुसच्या चिन्हात «एम» अक्षर आणि उल्मच्या मोठ्या चर्चचा मनोरा एकत्र गुंफलेले आहेत. फ्रान्सच्या बेर्लिएच्या चिन्हात रेल्वेचे इंजिन आहे. एईसीचा त्रिकोण, अॅटकिन्सनचे वर्तुळातले मोठे «ए» आणि फोडेनचा पतंगाच्या आकाराचा फलक ही ब्रिटिश चिन्हे दुरूनही कळतात.

मॅनच्या जाळीवरचा सिंह मात्र नवशिक्यांना फसवतो. तो मूळचा ब्राउनश्वाइगच्या ब्यूसिंग कंपनीचा. मॅनने १९७१ साली ब्यूसिंग घेतली आणि सिंह आपल्या गाड्यांवर आणला. त्यामुळे सिंह दिसला म्हणून गाडी ब्यूसिंगची ठरत नाही. उलट सिंहाशेजारी मॅनची अक्षरे असतील तर गाडी विलीनीकरणानंतरची आहे, हा सालाचा उपयोगी धागा हाती लागतो.

इटालियन गाड्यांतही असाच गुंता आहे. १९७५ साली फियाट, ओएम, लान्चिया, युनिक आणि मागिरुस-डॉइट्झ यांच्या मालवाहू विभागांतून इव्हेको उभी राहिली, आणि त्यानंतरची काही वर्षे एकच गाडी देशागणिक वेगळ्या नावाने विकली जात होती. बेर्लिएची मोठी केबिनसुद्धा कंपनी रेनोमध्ये विलीन झाल्यावर रेनोच्या चिन्हाखाली चालू राहिली. अशा वेळी नोंद करताना केबिन मूळची कोणाची आणि जाळीवर नाव कोणाचे, ही दोन्ही माहिती लिहावी.

सावधान: ट्रेलरच्या मागे किंवा केबिनपुढे दिसणारी निळ्या रंगाची, पांढऱ्या अक्षरांत «टीआयआर» लिहिलेली पाटी ही कंपनीची नव्हे आणि मॉडेलचीही नव्हे. सीमेवरच्या जकात तपासणीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती लावली जाते. तसेच देशाच्या अक्षराचे लंबगोल स्टिकर गाडीची नोंदणी कुठे झाली ते सांगते, ती कुठे बनली ते सांगत नाही.

## टप्पा ४: आकड्याचे व्याकरण

हा टप्पा नीट आत्मसात केला की निम्मी पाठांतरे लागतच नाहीत. प्रत्येक कंपनीच्या आकड्याची घडण वेगळी आहे आणि एका कंपनीचा नियम दुसरीला लावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

स्कॅनिया. शेवटचा अंक पिढीचा, त्याआधीचे अंक इंजिनाच्या लिटरांचे. १४० म्हणजे १४ लिटर, शून्य पिढी. १४१ म्हणजे तेच १४ लिटर, पहिली पिढी. ११२ म्हणजे ११ लिटर, दुसरी पिढी, आणि १४३ म्हणजे १४ लिटर, तिसरी पिढी. ८१ आणि ८२ मध्ये ८ लिटर. आता «आर १४३ एम ४५०» ही पाटी अशी वाचावी: आर म्हणजे इंजिनावर बसवलेली उंच केबिन, १४ लिटर, तिसरी पिढी, एम म्हणजे मध्यम ताकदीची चासी आणि ४५० म्हणजे अश्वशक्ती. आरऐवजी टी असेल तर गाडी नाकाची आहे. १४ लिटरचे इंजिन व्ही-आठ आणि ११ लिटरचे सहा सिलिंडरचे, एवढे लक्षात ठेवले की ध्वनिमुद्रण ऐकतानाही मदत होते. मात्र १९६८ पूर्वीच्या स्कॅनिया-वाबिस गाड्यांना हा नियम लागू नाही. एलबी ७६ मधला ६ हा पिढीचा अंक नाही आणि तिचे इंजिन ७ लिटरचे नसून ११ लिटरचे आहे.

व्होल्व्हो. इथे १९७७ ही सीमारेषा धरावी. त्या साली आलेल्या एफ १० आणि एफ १२ पासून आकडा अंदाजे लिटरांचा आहे, आणि १९८७ ची एफ १६ त्याच ओळीत बसते. त्याआधीच्या एफ ८८ आणि एफ ८९ मध्ये तसे नाही. एफ ८८ चे इंजिन साधारण ९.६ लिटरचे आणि एफ ८९ चे १२ लिटरचे आहे. एफ म्हणजे केबिन पुढे, एन म्हणजे नाकाची गाडी.

मर्सिडीज-बेंझ. पहिले दोन अंक गाडीचे भारासह वजन टनांत, नंतरचे दोन अश्वशक्ती दहांच्या पटीत. १६३२ म्हणजे १६ टन आणि ३२० अश्वशक्ती. हा नियम मराठी वाचकाला आयताच ठाऊक असतो, कारण १९५४ पासून मर्सिडीजच्या सहकार्याने गाड्या बनवणाऱ्या टाटांनी तीच रीत पुढे चालवली. टाटा १६१३ म्हणजे १६ टन, १३० अश्वशक्ती. दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. अश्वशक्ती जवळच्या दहाच्या पटीत बसवलेली असते (१६२६ चे इंजिन २५६ अश्वशक्तीचे आहे), आणि हे वजन एकट्या गाडीचे आहे, ट्रेलरसकटचे नाही. शेवटी एस असेल तर घोडा, के असेल तर टिपर.

मॅन, इव्हेको, मागिरुस. मॅनमध्ये मध्ये टिंब असते: १९.२८० म्हणजे १९ टन, २८० अश्वशक्ती. शेवटी शून्याऐवजी १ किंवा २ असेल, जसे १९.३६१, तर तो अंक प्रकाराचा आहे, गाडी ३६१ अश्वशक्तीची नाही. इव्हेको टर्बोस्टार १९०.४२ मध्ये वजन टनाच्या दशांशात आणि शक्ती दहांच्या पटीत आहे: १९ टन, ४२० अश्वशक्ती. मागिरुसने नेमका उलटा क्रम ठेवला. २३२ डी १९ म्हणजे आधी २३२ अश्वशक्ती आणि मग १९ टन. या तिन्ही कंपन्यांची कार्डे एकाच बैठकीत कधीही पाठ करू नयेत, कारण त्यांची सरमिसळ झाली की ती निस्तरायला फार वेळ जातो.

डाफ. २८००, ३३०० आणि ३६०० या आकड्यांतून लिटर किंवा वजन काढण्याचा प्रयत्न करू नये. तिन्हींत ११.६ लिटरचे इंजिन आहे. हे आकडे केवळ चढती श्रेणी म्हणून पाठ करावेत. डाफ ९५ पासून मात्र ९५.४३० सारख्या नावात टिंबानंतरचा भाग अश्वशक्तीचा असतो.

ब्रिटिश नावे. इथे आकड्याऐवजी नावातून चाके कळतात. लेलँडमध्ये बीव्हर चारचाकी, हिप्पो सहाचाकी, ऑक्टोपस आठचाकी. एईसीमध्ये मर्क्युरी आणि मँडेटर चारचाकी, मार्शल सहाचाकी, तर मॅमथ मेजर सहा किंवा आठचाकी. बीव्हर आणि हिप्पो ही नावे अशोक लेलँडमुळे आपल्याकडच्या जुन्या चालकांच्याही तोंडी होती.

तपासणी: आकड्यातून निघालेली माहिती टप्पा १ शी जुळते का ते पाहावे. पाटीवर ऑक्टोपस लिहिले आहे आणि चाके सहाच दिसतात, तर एक तर मोजणी चुकली आहे किंवा पाटी दुसऱ्या गाडीची आहे.

## टप्पा ५: साल ठरवणे

साल दोन बाजूंनी आवळत आणावे. एका बाजूने मॉडेलच्या आगमनाचे साल, दुसऱ्या बाजूने क्रमांकपट्टी. आगमनाच्या सालांचा एक कणा पाठ असावा: १९६५ व्होल्व्हो एफ ८८, १९६८ स्कॅनिया ११०, १९६९ स्कॅनिया १४०, १९७० व्होल्व्हो एफ ८९, १९७३ मर्सिडीजची नवी पिढी आणि डाफ २८००, १९७७ व्होल्व्हो एफ १० व एफ १२, १९८० स्कॅनियाची दुसरी पिढी आणि लेलँड रोडट्रेन, १९८४ टर्बोस्टार, १९८६ मॅन एफ ९०, १९८७ स्कॅनियाची तिसरी पिढी आणि डाफ ९५, १९९० रेनोची सपाट फरशीची मॅग्नम. यांच्या अधलीमधली साले या कण्यावर हळूहळू टांगत जावीत.

ब्रिटिश क्रमांकपट्टी हा सालाचा उत्तम पुरावा आहे. १९६३ ते १९८३ या काळात शेवटचे अक्षर साल सांगते, आणि ऑगस्ट १९८३ पासून २००१ पर्यंत ते काम पहिले अक्षर करते. ऑगस्ट १९६७ पासून अक्षर दर ऑगस्टला बदलत असे: एफ म्हणजे ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८, पी म्हणजे १९७५-७६, आर १९७६-७७, टी १९७८-७९, वाय १९८२-८३. आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरे सालासाठी वापरली गेली नाहीत, त्यामुळे बोटांवर मोजताना ती गाळावीत. ती गाळली नाहीत तर उत्तर एकदोन वर्षांनी सरकते.

पट्टी नोंदणीचे साल सांगते, बांधणीचे नव्हे. शिवाय तिथे हौशी मालकाला गाडीपेक्षा जुन्या सालाचा क्रमांक लावता येतो, नव्या सालाचा लावता येत नाही. म्हणून १९७२ च्या अक्षराखाली स्कॅनिया १४२ दिसली तर गोंधळून न जाता केबिनवर विश्वास ठेवावा.

सगळे टप्पे एकत्र लावून पाहू. छायाचित्रात व्होल्व्होचा दोन धुऱ्यांचा घोडा आहे, जाळीवरचा दुसरा आकडा पुसट आहे, म्हणजे ८८ की ८९ ते कळत नाही. पट्टीवरची अक्षरे सुलटी आहेत, शेवटचे अक्षर आर, स्टेअरिंग उजवीकडे. एफ ८९ चे इंजिन कललेले बसवले होते आणि त्यामुळे ती उजव्या स्टेअरिंगची कधी बनलीच नाही. म्हणजे ही एफ ८८, नोंदणी ऑगस्ट १९७६ ते जुलै १९७७. त्या सुमारास ब्रिटनमध्ये याच अडचणीवर उपाय म्हणून २९० ही ताकदवान आवृत्ती विकली जात होती, तेव्हा तिचा पर्याय «शक्यता» म्हणून लिहावा आणि जाळीच्या कडेला २९० हा आकडा शोधावा.

## टप्पा ६: चासीच्या पट्टीवरून खातरजमा

नव्याने रंगवून उभ्या केलेल्या गाडीच्या जाळीवर पूर्ण भरवसा ठेवू नये. सहा सिलिंडरच्या स्कॅनियावर व्ही-आठचे चिन्ह चिकटवलेले आढळते, आणि अपघातानंतर बदललेल्या केबिनसोबत दुसऱ्या मॉडेलची पाटीही येते. १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या सतरा अक्षरी चासी क्रमांकाची पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात: वायएस२ स्कॅनियाची स्वीडनमधली, एक्सएलई स्कॅनियाची नेदरलँड्समधली, वायव्ही२ व्होल्व्हो, डब्ल्यूडीबी मर्सिडीज, डब्ल्यूएमए मॅन, एक्सएलआर डाफ, झेडसीएफ इव्हेको, व्हीएफ६ रेनो. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय दार उघडू नये किंवा गाडीखाली वाकू नये. परवानगी मिळाली की पट्टीचे सरळ समोरून, फ्लॅश बंद ठेवून छायाचित्र काढावे, कारण फ्लॅशमुळे ठोकलेली अक्षरे उजळून पुसल्यासारखी दिसतात.

## टप्पा ७: लक्षात ठेवणे

गाड्यांची शेकडो छायाचित्रे नुसती चाळत राहिल्याने ओळख झाल्याचा भास होतो, पण नाव आठवत नाही. पाहणे आणि आठवणे या वेगळ्या क्रिया आहेत आणि सराव दुसरीचा करायचा आहे.

कार्डाच्या एका बाजूला जाळीवरचे नाव व आकडा कागदाने झाकलेले छायाचित्र लावावे. मागे फक्त चार गोष्टी लिहाव्यात: कंपनी, मॉडेल, आगमनाचे साल, आणि शेजारच्या मॉडेलपासून तिला वेगळे करणारी एकच खूण. पाच खुणा लिहिल्या तर एकही आठवत नाही. कार्ड त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि मग महिन्याने उलटावे. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर आणावे. एका वेळी दहापेक्षा जास्त नवी कार्डे घेऊ नयेत.

खरी अडचण जुळ्या गाड्यांची असते. स्कॅनिया ११० आणि १११, तसेच १४० आणि १४१, यांची केबिन मूलतः एकच. डाफ २८०० आणि ३३०० यांचेही तेच. अशा जोड्या वेगवेगळ्या कार्डांवर न ठेवता एकाच कार्डावर शेजारी लावाव्यात आणि मागे फरकच तेवढा लिहावा. केबिनमधून फरक कळतच नसेल तर «आकडा किंवा पट्टी पाहिल्याशिवाय सांगू नये» असे स्पष्ट लिहावे. हेही ज्ञानच आहे, आणि जाणकार व घाईत बोलणारा यांच्यातला फरक बहुधा अशाच कार्डावर दिसतो.

आठवड्यातून एकदा एक गाडी न पाहता बाजूने रेखाटावी. चित्र सुंदर असण्याची गरज नाही. पुढचा धुरा दाराच्या किती मागे किंवा पुढे येतो, मागच्या खिडकीचा आकार कसा, केबिन चाकावर किती उंच बसते, एवढेच काढावे आणि मग छायाचित्राशी ताडून पाहावे. जी रेघ चुकली, तीच त्या गाडीच्या कार्डावर खूण म्हणून लिहावी. दोन स्वीडिश कंपन्यांची कार्डे सलग दोन फेऱ्यांत न चुकता ओळखता आली की मगच मर्सिडीजचे पहिले कार्ड तयार करावे.